बूच : एका शब्दाची वाट
(नभोवाणीवरील भाषण)



गेल्या दिवाळींत आमच्या घरीं एक लहानसा पेंचप्रसंग उद्भवला. नाशिकला नोकरीस असलेला माझा पुतण्या येतांना द्राक्षासवाची एक बाटली घेऊन आला. आमच्या घरांत मद्याचा शिरकाव यापूर्वीं झालेला नाहीं. मीं स्वतः त्याचा थेंबहि चाखलेला नाहीं, व या वयांत चाखण्याची हौसहि नाहीं. तेव्हां आजचा विषय ऐकून कोणीं माझ्याविषयीं भलता तर्क करूं नये. पेंच निराळाच होता. बाटलीच्या गळ्यांत बूच घट्ट बसविलेलें होतें, आणि तें काढण्याचें हत्यार घरांत कोणाजवळहि नव्हतें. एकानें सुरीचें टोंक घालून पाहिलें, दुसऱ्यानें चमच्याच्या दांड्यानें रेटलें. शेवटीं बुचाचे तुकडे झाले. निम्मे बाहेर आले, निम्मे आंत पडले, आणि तो उंची रस पाहुण्यांना चहाच्या गाळणीनें गाळून देण्याची वेळ आली.

या गडबडींत माझी दहा वर्षांची नात त्यांतला एक तुकडा हातांत घेऊन माझ्याजवळ आली. म्हणाली, "आजोबा, याला बूच म्हणतात ना? आणि आपल्या फाटकापाशीं जें उंच झाड आहे, त्यालाहि बूचच म्हणतात. मग झाडाचं नांव बाटलीवरून पडलं, कीं बाटलीचं झाडावरून?"

मीं क्षणाचाहि विलंब न लावतां उत्तर दिलें, "अग, झाड आधीं, बाटली मागाहून. त्या झाडाची साल मऊ असते. तिचे दट्टे करून लोक बाटल्यांना लावीत, म्हणून दट्ट्याला झाडाचं नांव मिळालं."

उत्तर सोपें होतें, ऐकावयास गोड होतें, आणि साफ चुकीचें होतें. आयुष्यभर मुलांना भाषा शिकविलेल्या माणसानें असें बेधडक उत्तर द्यावें, याची मला पुढें लाज वाटली. चूक कळावयास दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत जें हातीं आलें, तें आज आपणांपुढें ठेवावें व नातीचें देणें चारचौघांत फेडावें, एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम झाडाचाच विचार करूं. बुचाचें झाड आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. सरळ उंच वाढणारें, पावसाळा सरतां सरतां पांढऱ्याशुभ्र फुलांनीं लहडणारें. फुलाची नळी चांगली दोन-अडीच इंच लांब. रात्रीं फूल उमलतें आणि पहांटे झाडाखालीं सडा पडतो. मुली सुईदोऱ्यावांचून, नुसते देठांत देठ गुंफून, त्याची वेणी करतात. शास्त्रज्ञ या झाडास मिलिंगटोनिया हॉर्टेन्सिस म्हणतात. सतराव्या शतकांतील टॉमस मिलिंगटन या इंग्रज विद्वानाच्या स्मरणार्थ हें नांव दिलेलें आहे. परंतु तें इतकें आपलें वाटणारें झाड मूळचें आपलें नव्हे! त्याचें माहेर ब्रह्मदेश आणि त्याच्या पूर्वेकडील मुलूख. आपल्याकडे तें बागांतून आणि रस्त्यांच्या कडेनें लावलें गेलें तें शोभेसाठीं व सुवासासाठीं.

त्याची साल जाड, भेगाळ व मऊ असते. खऱ्या बुचाला पर्याय म्हणून ती वापरीत, हें खरें. रॉक्सबर्ग या प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञानें या झाडाचें वर्णन करितांना त्याला 'सुबेरोसा' असें विशेषण लाविलें. लॅटिनमध्यें 'सुबेर' म्हणजे बुचाची साल. इंग्रज लोक त्यास 'हिंदुस्थानी बुचाचें झाड' अशा अर्थाच्या नांवानें ओळखतात. म्हणजे लॅटिन काय, इंग्रजी काय, मराठी काय, तिघींनींहि बारसें करितांना एकच गोष्ट केली. बूच ही वस्तु सर्वांना आधींच ठाऊक होती. झाडाची साल तिच्यासारखी दिसली, म्हणून झाडास तिचें नांव दिलें. 'रबराचें झाड' असें आपण म्हणतों तें रबराची वस्तु आधीं पाहिलेली असते म्हणून. तसाच हाहि प्रकार. तेव्हां बाटली आधीं, झाड मागाहून. माझें उत्तर पहिल्याच परीक्षेंत नापास झालें.

मग बाटलीच्या तोंडीं हा शब्द आला कोठून? संस्कृतांत त्याचें समाधानकारक मूळ मिळेना. फारसी-अरबीकडे वळलों, तेथेंहि निराशा. मग मनांत आलें, वस्तु जिकडून आली तिकडेच शब्दाचा माग कां काढूं नये? द्राक्षासवाच्या बाटलीचें खरें बूच एका जातीच्या ओक वृक्षाच्या सालीचें असतें. हा वृक्ष भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागांत वाढतो, आणि जगांतील निम्मीशिम्मी बुचें आजहि एकट्या पोर्तुगाल देशांतून येतात. झाड सुमारें पंचवीस वर्षांचें झालें कीं त्याची साल प्रथम सोलतात. पुढें दर नऊ वर्षांनीं. साल काढली तरी झाड मरत नाहीं. पोर्तुगालचें नांव निघतांच माझ्या डोक्यांत प्रकाश पडला.

पोर्तुगीज भाषेंत एक साधा, घरगुती शब्द आहे. त्याचा अर्थ बोळा, दट्ट्या, भोंक बुजविण्याचा गोळा. त्याचप्रमाणें बंदुकींत व तोफेंत दारू ठासल्यावर ती जागच्याजागीं राहावी म्हणून वरून जो चिंध्यांचा किंवा तागाचा बोळा दाबतात, तोहि. आज लिस्बनमधला मनुष्य हा शब्द 'बूशा' असा उच्चारील. येथें तुम्ही मला अडवाल. म्हणाल, 'शा'चा 'च' कसा झाला? शंका रास्त आहे, आणि या शंकेंतच शब्दाची जन्मपत्रिका दडलेली आहे.

आज ज्या अक्षराचा उच्चार पोर्तुगीज लोक 'श' करितात, त्याचा उच्चार सोळाव्या शतकांत 'च' होता. पोर्तुगालच्या उत्तरेकडील कांहीं भागांत तो जुना 'च' अद्यापि ऐकूं येतो. गलबतांतून आपल्या किनाऱ्यास लागलेले खलाशी 'बूचा' म्हणत होते, 'बूशा' नव्हे. याला दुसरा साक्षीदार हवा असेल तर आपल्या कमरेची चावी काढून पाहा. 'चावी' हाहि पोर्तुगीज शब्द. आजचा लिस्बनकर तिला 'शाव्' म्हणतो. आपण 'चावी'च म्हणतों. पोर्तुगीजांनीं आपला जुना उच्चार टाकून दिला, पण तो आपल्या किल्ल्यांच्या जुडग्यांत आणि बाटल्यांच्या तोंडांत सुरक्षित राहिला. शब्दाच्या शेवटचा 'आ' गळाला, यांतहि नवल नाहीं. त्यांची 'पीपा' आपल्याकडे पीप व पिंप झाली. त्यांची 'फीता' आपली फीत झाली. त्याच नियमानें 'बूचा'चें बूच झालें. तीन शब्द एकाच सांच्यांतून निघाले कीं योगायोगाची भाषा सोडून द्यावी लागते.

नुसत्या ध्वनिसाम्यावर विसंबणारा व्युत्पत्तिकार मात्र हटकून खड्ड्यांत पडतो. मी स्वतः नुकताच पडलों होतों. म्हणून आणखी दोन कसोट्या लावल्या. पहिली भूगोलाची. हा शब्द कोठें कोठें बोलतात? कोंकणींत, मराठींत आणि गुजराथींत. उत्तर हिंदुस्थानांत शिरलें कीं बूच मागें राहतें, आणि डाट किंवा काग हे शब्द भेटूं लागतात. आतां नकाशा काढा. गोवें, चौल, वसई, दमण, दीव. पोर्तुगीजांचीं ठाणीं जेथें होतीं, त्याच किनाऱ्याच्या भाषांनीं हा शब्द उचलला. गोव्याचे पंडित मोन्सिन्योर दाल्गाद यांनीं आशियांतील भाषांत मिसळलेल्या पोर्तुगीज शब्दांवर १९१३ सालीं मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो चाळला म्हणजे कळतें कीं पाव, बटाटा, कोबी, पगार, घमेलें, बादली हीं सगळीं माणसें याच दारानें आपल्या घरांत आलीं आहेत.

दुसरी कसोटी वस्तूची. येथें मला एक मौजेची अडचण भेटली. आजच्या पोर्तुगीज भाषेंत बाटलीच्या बुचाला हा शब्द मुळीं वापरीतच नाहींत! त्याला ते 'रोल्या' म्हणतात, आणि बूच ओढून काढण्याच्या हत्याराला 'साका-रोल्याश', म्हणजे 'बुचें काढणारा'. मग आपण बाटलीसाठीं भलताच शब्द कसा उचलला? उत्तर असें कीं आपण तो बाटलीवरून उचललाच नाहीं. सोळाव्या शतकांतील गलबतांवर मद्य येई तें पिंपांतून. भक्कम कांचेच्या, बूच ठोकून दूरवर नेतां येतील अशा बाटल्या मुबलक होऊं लागल्या त्या सतराव्या शतकांत, इंग्रजांनीं दगडी कोळशाच्या प्रखर भट्ट्यांत कांच वितळविण्यास आरंभ केल्यावर. तेव्हां आमच्या कोळ्यांनीं व हमालांनीं धक्क्यावर जें पाहिलें, तें पिंपाच्या पोटाला असलेलें भोंक आणि त्यांत ठोकलेला दट्ट्या. पीपहि त्यांचें, बूचहि त्यांचें. दोन्ही शब्द बरोबरच उतरले. पुढें पिंपाची जागा बाटलीनें घेतली आणि बूच तिच्या तोंडीं जाऊन बसलें. यांत नात्यागोत्याला सोडून कांहींच झालें नाहीं. कारण युरोपांतील ज्या शब्दापासून 'बाटली' आली, त्या जुन्या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळीं 'लहानसें पीप' असा आहे. आईचा दागिना लेकीकडे गेला, इतकेंच.

बुचाच्या मागें आणखी एक पायरी चढतां येते. पोर्तुगीज शब्दाचा संबंध जुन्या फ्रेंच भाषेंतील अशा एका शब्दाशीं लावतात कीं ज्याचा अर्थ गवताची किंवा काटक्यांची मूठ. भांड्याचें तोंड बंद करावयाचें तर हाताशीं असेल तो गवताचा बोळा कोंबावा, ही युक्ति फ्रान्सच्या शेतकऱ्यास सुचली तशी आपल्या पारनेर-पाथर्डीच्या शेतकऱ्यासहि सुचली. आपल्याकडे त्याला 'बोळा' नांव होतें, त्याच्याकडे दुसरें. फ्रेंच भाषेंत बुचाला आजहि 'बूशों' म्हणतात, आणि तो याच कुळांतला.

आतां तुम्ही विचाराल, समुद्रावरचा हा शब्द सह्याद्रि चढून आमच्या नगरास कसा आला? आमचें शहर सरकारी दप्तरांत २०२४ पासून अहिल्यानगर आहे, जुन्या इतिहासांत अहमदनगर आहे, आणि आम्हां रहिवाशांच्या तोंडीं नुसतें नगर आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस येथें निजामशाहीची गादी स्थापन झाली, आणि या राज्याचें मोठें बंदर होतें चौल. आजच्या रायगड जिल्ह्यांतील. अरबस्तानचे घोडे याच बंदरांत उतरत आणि घाट चढून येत. १५२१ च्या सुमारास बुर्‍हाण निजामशहाच्या अनुमतीनें पोर्तुगीजांनीं चौलाच्या खालच्या अंगास, रेवदंड्यास, आपलें ठाणें घातलें. एकाच खाडीवर एका अंगास निजामशाहीचें गांव, दुसऱ्या अंगास फिरंग्यांचें. मध्यें शब्दांना अडविणारी भिंत कोणती?

व्यवहार नुसता व्यापाराचा नव्हता. १५३४ सालीं हिंदुस्थानांत आलेला गार्सिया द ऑर्ता हा विख्यात पोर्तुगीज वैद्य बुर्‍हाण निजामशहाचा स्नेही होता. त्यानें त्याच्यावर औषधोपचार केले होते. येथील वनौषधींवरचा त्याचा संवादरूपी ग्रंथ १५६३ सालीं गोव्यास छापला गेला. त्यांत या 'निजामोशा'चा उल्लेख पुनःपुन्हां येतो. तोफांचें म्हणाल, तर आज विजापुरास असलेली 'मलिक-इ-मैदान' ही अजस्र तोफ १५४९ सालीं आमच्या नगरांतच महंमद बिन हसन रूमी यानें ओतली. म्हणजे औषधाच्या कुपीला लागणारा दट्ट्या आणि तोफेंत दाबावयाचा बोळा, दोहोंचेंहि कारण या शहरांत होतें.

आणि मद्याचेंहि होतें. १५७० च्या अखेरीस मुर्तजा निजामशहानें फिरंग्यांचें चौल जिंकण्यासाठीं मोठी फौज नेली. त्याच वेळीं विजापूरकरांनीं गोव्यास वेढा घातला होता. महिन्यांमागून महिने गेले, हजारों माणसें पडलीं, पण ठाणें हातीं येईना. शेवटीं १५७१ सालीं तह करून निजामशहास परतावें लागलें. याचें एक कारण फिरिश्ता या इतिहासकारानें नमूद केलें आहे, आणि हा फिरिश्ता लहानपणींच नगरास येऊन याच मुर्तजाच्या चाकरींत वाढलेला. तो सांगतो कीं निजामशाही सरदारांस फिरंग्यांनीं नजराणे देऊन फोडलें, विशेषतः मद्याचे. आणि ते सरदार रात्रीं आंत रसद जाऊं देत. एका राजधानीची मोहीम पिंपांच्या तोंडाशीं अडकून पडली!

या वेढ्यांतच बूच हा शब्द सरदारांनीं उचलून नगरास आणला, असें मी म्हणत नाहीं. शब्द अमुक तारखेस येत नसतात, आणि ते सरदार क्वचितच आणतात. ते हमालांच्या पाठीवरून, घोडेवाल्यांच्या गप्पांतून, गोलंदाजांच्या हांकांतून येतात. मला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं ती वाट होती, ती शंभर वर्षें वाहती होती, आणि तिच्या एका टोंकाला पीप होतें तर दुसऱ्या टोंकाला नगर.

बूच कसें बसलें हें झालें. आतां तें काढण्याकडे वळूं, कारण आमच्या घरचा पेंच तोच होता. बूच काढण्याच्या नागमोडी हत्याराचा जन्म मद्याच्या दुकानांत झालेला नाहीं. तो सैनिकाच्या झोळींत झाला. बंदूक ठासली, पण बार उडाला नाहीं, तर आंतला बोळा बाहेर काढावा लागे. त्यासाठीं सळईच्या टोंकास मळसूत्री वळें असलेलें पोलादी आंकडें असे. तें बोळ्यांत फिरवून रुतवावयाचें आणि ओढावयाचें. बाटल्यांत बुचें घट्ट बसूं लागल्यावर कोणाच्या तरी ध्यानांत आलें कीं हेंच हत्यार येथेंहि चालेल. इंग्रजींत अशा हत्याराचा लेखी उल्लेख १६८१ पासून सांपडतो, व तेथें त्याला 'पोलादी किडा' म्हटलें आहे. त्याचें पहिलें पेटंट १७९५ सालीं सॅम्युएल हेन्शल या धर्मोपदेशकानें घेतलें. धर्मोपदेशकास या कामांत एवढा रस कां, हें मी विचारीत नाहीं. माझें लक्ष वेधलें तें दुसऱ्याच गोष्टीनें. पोर्तुगीजांचा 'बूचा' बंदुकींतहि होता आणि पिंपांतहि. आणि त्याला बाहेर काढणारें मळसूत्रहि बंदुकींतूनच बाटलीकडे गेलें. शब्दानें जी वाट धरली तीच हत्यारानें धरली.

मराठीनें मात्र या व्यवहारांत नुसतें घेतलें नाहीं. आपलें कांहीं घातलेंहि. नाम परकें घेतलें, पण क्रियापदें स्वतःचीं लाविलीं, आणि किती नेमकीं! चामड्याच्या बुधल्याचें तोंड दोरीनें बांधलेलें असे. तें आपण 'सोडतों'. पिंपाचें बूच ठोकलेलें असे; तें आपण 'काढतों'. पण मद्याची बाटली आपण 'फोडतों'. ती कांहीं जमिनीवर आपटीत नाहीं, तरी फोडतों. कां? कारण तिच्या तोंडावर लाखेची मोहोर असे, आणि मोहोरबंद वस्तु उघडणें याला मराठींत फार पूर्वीपासून 'फोडणें' हाच शब्द आहे. लखोटा फोडावयाचा, थैली फोडावयाची, पत्रहि फोडावयाचें. फिरिश्त्याच्या सरदारांनाहि आपण 'फोडलें'च म्हणतों. ज्याची मोहोर तुटली तो फुटला, मग तो लखोटा असो, बाटली असो वा माणूस.

फ्रेंच लोकांत बाटली खरोखरीच फोडण्याची एक चाल आहे. फेंसाळणाऱ्या मद्याच्या बाटलीवरून तलवारीचें बोथट अंग शिवणीच्या रेषेनें सरकवून गळ्याच्या कडेवर झटका देतात. आंत वायूचा दाब मोटारीच्या चाकांतील हवेच्या दुपटीहून अधिक असतो. त्यामुळें कांचेचें कडें बुचासकट उडून जातें व तुकडे आंत पडत नाहींत. तलवारीच्या फ्रेंच नांवावरून या प्रकारास ते 'साब्राज' म्हणतात. नेपोलियनच्या घोडेस्वारांशीं ही चाल जोडणाऱ्या गोष्टी सांगतात, पण गोष्टीच त्या. इंग्रजांची बुद्धि अधिक व्यापारी. आपली बाटली घेऊन खाणावळींत गेलें तर ती नुसती उघडून देण्याबद्दल मालक जे पैसे आकारतो, त्याला त्यांनीं बुचावरूनच 'कॉर्केज' असें नांव दिलें. मराठींत त्याला घरपट्टी-पाणीपट्टीच्या चालीवर 'बूचपट्टी' म्हणावें, अशी माझी नम्र सूचना आहे. ऐकतांच अर्थ कळतो आणि देतांना जीवावर येतें. पट्टीचीं दोन्ही लक्षणें तींत उतरलीं आहेत.

येथें एक प्रश्न उभा राहतो, आणि तो गंभीर आहे. बूच परकें ठरलें, तर त्याला घराबाहेर काढावें काय? परभाषेचे शब्द टाकून भाषा निर्मळ करावी, असें सांगणारे थोर लोक आपल्यांत होऊन गेले, व त्यांनीं दिलेले अनेक सुंदर शब्द आपण रोज वापरतों. परंतु बुचाच्या बाबतींत माझें मन तसें होत नाहीं. माझी आजी तेलाच्या बाटलीच्या दट्ट्याला 'गुडदी' म्हणे. तो शब्द आज किती घरांत ऐकूं येतो? तो गेल्याचें मला दुःख आहे. पण त्याला कांहीं बुचानें हाकललेलें नाहीं. माझ्या लहानपणीं दोघेंहि एकाच फळीवर नांदत होतीं. तेलाच्या बाटलीला गुडदी आणि औषधाच्या बाटलीला बूच. तेल पत्र्याच्या डब्यांतून व मग प्लॅस्टिकच्या पिशवींतून येऊं लागलें, लांकूड तासून गुडदी करणारे हात थांबले, आणि वस्तूबरोबर शब्दहि निघून गेला. शब्दाला शब्द मारीत नाहीं. बहुधा वस्तूचा वियोग मारतो.

आज तोच प्रसंग बुचावर आला आहे. औषधाच्या बाटलीवर बूच नाहीं. आमच्या जिल्ह्यांतले साखर-कारखाने मळीपासून मद्यार्क काढतात, पण मद्यार्काच्या बाटल्यांवरहि पत्र्याचें फिरकीचें झांकण असतें. द्राक्षासवाच्या पुष्कळ बाटल्याहि आतां तशाच येतात. जें मळसूत्र पूर्वीं बूच काढणाऱ्याच्या हातांत होतें, तें आतां बाटलीच्या गळ्यावरच कोरलेलें असतें. बूच ठोकावयास नको, काढावयास नको. 'तोंडाला बूच लावणें' हा वाक्प्रचार तेवढा शिल्लक आहे. पण तो वापरणाऱ्या तरुणाच्या डोळ्यांपुढें बूच येत असेल काय, याची मला शंका आहे. चारशें वर्षें आपल्या घरांत राबलेला हा पाहुणा निघण्याच्या तयारींत आहे, आणि त्याला निरोप देतांना तो परका होता कीं आपला, हा वाद मला क्षुद्र वाटतो.

दोन महिन्यांनीं मीं नातीला जवळ बोलावलें आणि सांगितलें, "बाळ, तुला दिवाळींत सांगितलं तें चुकलं. झाडाचं नांव बाटलीवरून पडलं आहे. बाटलीचं झाडावरून नव्हे." मग चौल, चावी, पीप, तोफ, सगळें तिला सांगितलें. तिनें तें शांतपणें ऐकून घेतलें. मला वाटलें, आजोबांची फजिती झाली म्हणून ती हंसेल. ती हंसली नाहीं. म्हणाली, "पण आजोबा, माझ्या वर्गांत बाटलीचं बूच कोणालाच माहीत नाहीं. बुचाचीं फुलं सगळ्यांना माहीत आहेत."

मी यावर बराच वेळ विचार करीत बसलों. ती मोठी होईल तेव्हां हा शब्द बाटलीजवळ उरणार नाहीं. तो झाडाजवळ उरेल. लिस्बनच्या खलाशाचा तो जुना 'च' नगरच्या मुलींच्या वेणींत राहील. ब्रह्मदेशाहून आलेलें झाड पोर्तुगालहून आलेला शब्द सांभाळील, आणि दोन्ही आपलींच आहेत असें त्या मुलींना वाटेल. तेव्हां एखाद्या नातीनें पुन्हां तोच प्रश्न विचारला, तर तिला खरें उत्तर सांगणारें कोणी असावें, म्हणून आज हें भाषण केलें.